शाळा सोडण्याचे कारण

दाखल्यावर रकाने पुष्कळ असतात.
जन्मतारीख अंकी, मग अक्षरी. जात, पोटजात.
प्रगती : समाधानकारक.
वर्तणूक : चांगली.
शाळा सोडण्याचे कारण, या रकान्यात मी लिहिलं
'पालकांच्या विनंतीवरून'
आणि शिक्का जरा जोरातच मारला.

हणमंत मरगू धोत्रे, नववी ब,
डाव्या पायाचा.

तुर्भे स्टोअरच्या वर, बंद खाणीच्या पायथ्याशी
आमचं मैदान. मैदान म्हणजे उतार.
चेंडू सोडला की आपणहून नाल्याकडे निघतो,
म्हणून आमची पोरं चढाकडे तोंड करून खेळायला शिकली.
मी भूगोलाचा. फुटबॉल माझ्याकडे आला
कारण मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही उंच आहात.

तीन वर्षं हा पोरगा खाली मान घालून खेळला,
चेंडू सुतळीनं पायाला बांधल्यासारखा.
मी ओरडायचो, मान वर कर हणम्या,
पलीकडे तबरेज मोकळा उभा आहे!
तो मान वर करायचा. बघायचा.
आणि पुन्हा एकटाच पाच जणांत घुसायचा.
हट्टी, म्हणायचो मी.
दगडाच्या डोक्याचा, असंही एकदा म्हणालो,
खाणीत दगड फोडणाऱ्या त्याच्या बापादेखत.

गेल्या वर्षी पाम बीच रस्त्यालगतच्या शाळेला
त्यानं दोन गोल घातले, फाटक्या बुटांनी.
जूनमध्ये त्यांची गाडी आली वस्तीत.
फी माफ, बस माफ, बूट दोन जोड.
मरगूनं मला विचारलं, गुर्जी, पाठवू का?
नको म्हणायला माझ्याकडे काय होतं?
उतार होता.

यंदा सामने ठरवायच्या बैठकीत
कुणी सुचवलं, महापालिकेच्या शाळांचा गट वेगळा करा,
जोड बरोबरीची हवी, पोरांना एखादा कप तरी मिळेल.
माना डोलल्या. चहा आला.
मला दिसली दारापलीकडची वेगळी पंगत,
वाढायचं तेच, फक्त बाहेर.
उठून बोलावं म्हटलं, तर आठवलं,
मागच्या सामन्यात सात गोल खाऊन
सिद्राम माझ्या स्कूटरमागे रडत बसला होता.
मी चहा प्यालो.

मग चिठ्ठीत तीच शाळा निघाली. नेरुळ, सकाळी साडेआठ.
हिरवं टर्फ, इतकं सपाट
की आमच्या पोरांचे पासच चुकत होते;
चेंडू वळेल म्हणून थांबायची, तो वळायचाच नाही.
मी हणमंतला शोधत होतो. अकरात नव्हता.
बाकावर बसला होता, अंगावर नवी जर्सी,
मांडीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी.
चार गोल झाले, पाच झाले, तो उठला नाही.
म्हणजे खेळवायला नव्हता नेला?
आमच्याकडे नको, एवढ्यासाठीच?
सत्तर मिनिटं मी हेच चघळत उभा होतो
आणि खरं सांगतो, त्यात मला थोडं बरंही वाटत होतं.

सामना संपल्यावर तो धावत आला.
डोळ्यांवर चष्मा. जाड, मागे पट्टा बांधलेला.
तिथे सगळ्यांचे डोळे तपासतात सर, पहिल्याच आठवड्यात.
अजून सवय व्हायचीय, म्हणून खेळवत नाहीत.
मग मैदानाच्या टोकाकडे हात करून म्हणाला,
सर, तबरेज तिकडे असायचा ना?
मला नुसता आवाज यायचा.

सोमवारी भूगोलाच्या तासाला
मी महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर टांगला
आणि संघातल्या पोरांना एकेक करून
शेवटच्या बाकावर बसवलं. वाच.
तबरेजनं घडाघडा वाचलं, अगदी घाटांसकट.
दोघं अडखळले.
सिद्राम आमचा गोलकीपर. बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, समुद्र दिसतोय सर, निळा.
नावं कुठे लिहिलीयत?